लहान गावातील साठवणगाळे : पहिल्या गुंतवणुकीचे मूल्यमापन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व्यापारी मालमत्तेत प्रथमच भांडवल घालू इच्छिणाऱ्या व्यक्तीस जे पर्याय उपलब्ध असतात, त्यांत लहान गावाच्या सीमेवरील साठवणगाळे हा एक आकर्षक पर्याय समजला जातो. तिकडे या व्यवसायास ‘सेल्फ स्टोरेज’ असे म्हणतात. रस्त्यालगतच्या जागेत पत्र्याच्या ठेंगण्या इमारतींच्या रांगा, प्रत्येक गाळ्यास वर गुंडाळले जाणारे दार आणि सभोवार कुंपण, असे त्याचे सामान्य स्वरूप असते. तेथे नळ नाही, स्वयंपाकघर नाही, अपरात्री तक्रार घेऊन येणारा बिऱ्हाडकरू नाही. या साधेपणामुळे हा व्यवसाय निर्धोक आहे, अशी नवख्या गुंतवणूकदाराची समजूत होते. व्यवसाय चालविणे तुलनेने सोपे असेलही. परंतु त्याची किंमत ठरविणे तितके सोपे नाही. त्या निर्णयात जी चूक होते, ती पुढील कितीही परिश्रमांनी सहसा भरून निघत नाही. ही किंमत कशी तपासावी, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

व्यवसायाचे स्वरूप

साठवणगाळा आणि वखार यांतील भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. वखारदार माल आपल्या ताब्यात घेतो, पावती देतो आणि मालाच्या सुरक्षिततेची जबाबदारी पत्करतो. कायद्याच्या परिभाषेत हे निक्षेपाचे नाते होय. साठवणगाळ्यांत मालक केवळ रिकामी जागा भाड्याने देतो. सामान भाडेकरूने स्वतः आणावयाचे, स्वतःचे कुलूप लावावयाचे आणि किल्ली स्वतःजवळ ठेवावयाची. आत काय आहे, हे मालकास बहुधा ठाऊकही नसते. या व्यवसायाच्या आधुनिक स्वरूपाचा आरंभ सामान्यतः १९६४ मध्ये टेक्सासमधील ओडेसा या तेलनगरीत झाला असे मानतात. आज या क्षेत्रातील अग्रगण्य असलेली ‘पब्लिक स्टोरेज’ ही कंपनी १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झाली. अशा मोठ्या कंपन्यांचा पसारा वाढला असला, तरी लहान गावांतील गाळे अद्यापि बव्हंशी स्थानिक मालकांच्याच हाती आहेत. निवृत्तीस आलेला असा मालक आणि पहिलीच खरेदी करणारा ग्राहक यांच्यात पुष्कळदा हा व्यवहार होतो.

भाडेकरार सामान्यतः एकेका महिन्याचा असतो. त्यामुळे मालकास दर लवकर वाढविता येतो, हा लाभ सर्वत्र सांगितला जातो. मात्र भाडेकरूही तितक्याच लवकर निघून जाऊ शकतो. भाडे थकल्यास, त्या त्या राज्याच्या कायद्याने मालकास सामानावर धारणाधिकार मिळतो आणि विहित सूचना देऊन व मुदत पाळून सामानाचा लिलाव करता येतो. ही कार्यपद्धती काटेकोरपणे पाळावी लागते. विशेषतः भाडेकरू सैनिकी सेवेत असेल, तर संघराज्याच्या कायद्यानुसार न्यायालयाच्या आदेशावाचून असा लिलाव करता येत नाही. लष्करी तळाजवळच्या गावात ही तरतूद न जाणणे महागात पडते.

विक्रेत्याचा हिशेब

एका काल्पनिक उदाहरणाने विषय स्पष्ट होईल. समजा, एका गावात १५० गाळे विक्रीस आहेत. दरपत्रकाप्रमाणे भाडे सरासरीने दरमहा ८० डॉलर आहे. सर्व गाळे भरलेले असून सर्व भाडे वसूल झाले, तर वर्षाचे उत्पन्न १,४४,००० डॉलर होईल. विक्रेता सांगतो की, ९० टक्के, म्हणजे १३५ गाळे भरलेले आहेत. म्हणून तो उत्पन्न १,२९,६०० डॉलर धरतो. वार्षिक खर्च २९,६०० डॉलर वजा जाता निव्वळ उत्पन्न १,००,००० डॉलर उरते. अशा मालमत्तेवर ८ टक्के उत्पन्न अपेक्षित आहे असे मानून तो १२,५०,००० डॉलर किंमत मागतो. हिशेबात बेरीज-वजाबाकीची चूक कोठेही नाही. चूक आहे ती गृहीत धरलेल्या आकड्यांत.

ग्राहकाने दरपत्रक बाजूस ठेवून मागील बारा महिन्यांची बँकेतील जमा आणि विक्रेत्याची प्राप्तिकर-विवरणपत्रे पाहावीत. समजा, प्रत्यक्ष जमा १,०८,००० डॉलर आढळली. मग २१,६०० डॉलर गेले कोठे? काही भाडेकरू जुन्या, कमी दराने राहिलेले असतात. काहींचे भाडे थकलेले असते. काही गाळ्यांत मालकाच्या आप्तांचे सामान विनामूल्य पडलेले असते. गाळे किती भरले आहेत, हा भौतिक भरणा होय. पूर्ण उत्पन्नाच्या किती टक्के पैसे हाती आले, हा आर्थिक भरणा होय. येथे पहिला ९० टक्के, तर दुसरा केवळ ७५ टक्के आहे. किंमत दुसऱ्यावरून ठरली पाहिजे.

खर्चाचीही अशीच फेरतपासणी करावी लागते. जुना मालक स्वतःच फोन घेतो, गवत कापतो, बर्फ काढतो; त्या श्रमांचे मोल त्याच्या वहीत नसते. त्यासाठी ९,००० डॉलर धरू. अनेक राज्यांत विक्रीनंतर मालमत्तेची नव्या किमतीने आकारणी होऊन कर वाढतो. त्याचे ५,४०० डॉलर. छपरे, दारांच्या स्प्रिंगा व डांबरी रस्ते यांच्या दुरुस्तीसाठी ४,००० डॉलर दरसाल बाजूस काढणे अवश्य आहे. एकूण खर्च ४८,००० डॉलर झाला आणि निव्वळ उत्पन्न ६०,००० डॉलरवर आले. त्याच ८ टक्क्यांच्या दराने मालमत्तेची किंमत ७,५०,००० डॉलर ठरते. मागितलेली किंमत दिल्यास उत्पन्नाचा दर ४.८ टक्केच पडेल.

कर्जाचा भार

पहिला गुंतवणूकदार बहुधा कर्ज काढूनच खरेदी करतो. १२,५०,००० डॉलरच्या तीनचतुर्थांश रकमेचे कर्ज ७ टक्के व्याजाने पंचवीस वर्षांच्या हप्त्यांवर घेतले, तर वार्षिक हप्ता सुमारे ७९,५०० डॉलर होतो. निव्वळ उत्पन्न ६०,००० असता दरवर्षी सुमारे १९,५०० डॉलर पदरचे घालावे लागतील. योग्य किंमतीस, म्हणजे ७,५०,००० डॉलरला खरेदी केली, तर वार्षिक हप्ता सुमारे ४७,७०० डॉलर पडतो आणि १२,३०० डॉलर शिल्लक राहतात.

ही शिल्लक किती नाजूक आहे, हे भाडेकरूंच्या संख्येत मांडल्यास अधिक स्पष्ट होते. भरलेल्या प्रत्येक गाळ्यापासून वर्षाला सरासरी ८०० डॉलर वसूल होतात. गाळे रिकामे झाले म्हणून कर, विमा वा हप्ता कमी होत नाही. तेव्हा १३५ पैकी सुमारे १५ भाडेकरू गेले की मालकाची संपूर्ण शिल्लक नाहीशी होते. त्यापुढचा प्रत्येक रिकामा गाळा त्याच्या बचतीतून भरून निघतो. हे योग्य किंमतीस केलेल्या खरेदीचे चित्र आहे.

व्याजाचा दर पंचवीस वर्षे स्थिर राहील, असेही नाही. अशी कर्जे पुष्कळदा काही थोड्याच वर्षांसाठी निश्चित दराने दिली जातात. त्यानंतर दर बदलतो किंवा उरलेली रक्कम एकदम फेडून नवे कर्ज काढावे लागते. मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने आपला दर शून्याच्या जवळून पाच टक्क्यांच्या वर नेला. स्वस्त कर्जाच्या काळातील हिशेबांवर विसंबलेल्या मालकांस त्याची झळ पोहोचली. शिवाय लहान कर्जदाराकडून वैयक्तिक हमी घेतली जाते. लघुउद्योगांसाठी असलेल्या शासकीय हमीच्या कर्जांत २० टक्के वा अधिक मालकी असलेल्या प्रत्येकास ती द्यावी लागते. म्हणून गाळे रिकामे राहिले, तर प्रश्न केवळ गाळ्यांपुरता न राहता कुटुंबाच्या बचतीपर्यंत व क्वचित राहत्या घरापर्यंत जातो.

गावाची परीक्षा

पंधरा भाडेकरू कशामुळे जाऊ शकतील? पहिले कारण म्हणजे नवा प्रतिस्पर्धी. पत्र्याची इमारत उभारण्यास फार काळ लागत नाही, आणि ग्रामीण भागात भूवापराचे निर्बंध पुष्कळदा शिथिल असतात. मोठ्या शहरात नव्या पन्नास गाळ्यांचा परिणाम जाणवणारही नाही. लहान गावात तेवढ्याने दर कोसळतात. यास्तव चालू गाळ्यांबरोबरच स्थानिक कार्यालयात दाखल झालेले बांधकामाचे अर्जही पाहावेत. दुसरे कारण म्हणजे एकाच उद्योगावर अवलंबून असलेले गाव. ज्या ओडेसात या व्यवसायाचा उगम सांगतात, तेथील भरभराट तेलावर आधारलेली होती; १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळताच त्या प्रदेशास तीव्र मंदीने ग्रासले. कारखाना, खाण वा महाविद्यालय यांपैकी एकावरच गाव जगत असेल, तर गाळ्यांचे भवितव्यही त्यास बांधलेले असते.

जमिनीचा पूर्वेतिहासही तपासावा लागतो. १९८० च्या संघराज्यीय कायद्याने विषारी प्रदूषणाची जबाबदारी विद्यमान मालकावरही येऊ शकते. पूर्वी तेथे कारखाना असल्यास खरेदीपूर्वी विहित चौकशी केल्यासच कायद्याचे संरक्षण मागता येते.

तीन हजारांहून अधिक ठिकाणी गाळे असलेल्या कंपनीस एका गावातील मंदी सोसता येते. सर्व भांडवल एकाच गावात गुंतविलेल्या व्यक्तीस ती सोसवत नाही. म्हणून उत्पन्न किती टक्के मिळेल, या प्रश्नापूर्वी किती भाडेकरू गेले असता हप्ता थकेल, हा प्रश्न तिने विचारला पाहिजे. ती संख्या गावातील संभाव्य धक्क्यांपेक्षा मोठी निघत नसेल, तर किंमत कमी करावी, कर्ज कमी घ्यावे, अथवा तो व्यवहार सोडून द्यावा.