पायात काय घालाल? चिखलापाण्यात आणि काट्याकुट्यांत टिकणाऱ्या पादत्राणांची निवड

बाजारात बैल घ्यायचा झाला तर आपण दात पाहतो, चालवून पाहतो आणि खूर पाहिल्याशिवाय तर दोरी हातात घेत नाही. घरी आणल्यावर रस्त्याच्या कामासाठी त्याला पत्र्याही मारून घेतो. पण स्वतःच्या पायांसाठी? आठवडेबाजारात भाजीची पिशवी सावरत हाताला लागेल ती स्लिपर उचलायची. पहिल्याच पावसात ती चिखलात रुतते, तिचा अंगठा उपटतो आणि मालक ती हातात घेऊन अनवाणी घरी येतो. गेली तीसेक वर्षे बांधाबांधावरून फिरताना हे इतके पाहिले आहे की, आज बी-बियाणे आणि खते बाजूला ठेवून पादत्राणांविषयीच लिहावे म्हणतो.

तुम्ही म्हणाल, आमचे आजे-पणजे अनवाणीच राबले. खरे आहे. पण त्यांतले किती जण 'पान लागून' गेले, याची नोंद कुणी ठेवली नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की, २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. बहुतेक खेड्यांतली, आणि त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या काळातले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. माणूस चालताना त्यांच्यावर पाय पडतो आणि दंश पावलाला किंवा घोट्याच्या आसपास होतो. रात्रपाळीची वीज आली की उसाला पाणी द्यायला उठणारा माणूस एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात फावडे घेऊन निघतो, आणि पाय उघडे! घोट्याच्या वर जाणारा जाड बूट आणि सैल पँट एवढ्यानेही धोका बराच कमी होतो. मात्र घोणशीचे दात लांब असतात, तेव्हा बूट घातला म्हणून बेफिकीर राहू नका. दंश झालाच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे असले काही न करता थेट सरकारी दवाखाना गाठा.

सापाखेरीज इतरही आहे. पाण्यात भिजून मऊ पडलेल्या, भेगाळलेल्या पायातून लेप्टोचे जंतू शिरतात. हे जंतू उंदरांच्या आणि जनावरांच्या मुताबरोबर साचलेल्या पाण्यात येतात. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली होती आणि कोकणातल्या भातशेतकऱ्याला तर याचे नाव नवे नाही. घाणेरड्या ओल्या मातीतून अंकुशकृमी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो आणि बाईमाणसाचे रक्त महिनोन्‌महिने पीत बसतो. घरात ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या पायाला काटा मोडलेला कळतही नाही. त्यांनी तर अंगणातसुद्धा अनवाणी जाऊ नये.

आता निवडीकडे वळू. दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणून जे दाखवतो, त्याला पहिला प्रश्न असा विचारा की, कोणत्या पाण्याला? दव आणि ओले गवत हे एक पाणी, वरून कोसळणारा पाऊस हे दुसरे, आणि गुडघाभर ओढा किंवा भातखाचर हे तिसरे. गिर्यारोहकांचे जे महागडे बूट येतात, त्यांत कापडाच्या थरांमध्ये एक पातळ पडदा असतो. त्याची छिद्रे इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. डोंगरातल्या दवाला आणि रिमझिमीला हे उत्तम. पण घोट्यापर्यंतचा असा बूट घालून ओढा ओलांडलात की पाणी वरून आत शिरते, आणि मग तोच पडदा ते बाहेर जाऊ देत नाही. दिवसभर पायाला बादली बांधल्यासारखे होते. ओढे-नाले ओलांडून रोज शाळेला जाणाऱ्या मुलांना म्हणूनच असे बूट घेण्यापेक्षा मागे पट्टा असलेली, पाणी निथळून जाणारी प्लास्टिकची सँडल बरी.

खरा शेतकऱ्याचा बूट म्हणजे गमबूट. आणि हे मी उगाच म्हणत नाही. रबर पक्के करण्याची युक्ती चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाने १८३९ साली काढली. तिचा हक्क घेऊन हायरम हचिन्सन याने १८५३ साली फ्रान्समध्ये रबरी बुटांचा कारखाना काढला. तिथले शेतकरी तोवर लाकडी खडावांसारखे जोडे घालून चिखलात काम करत. त्यांच्यासाठीच हा बूट निघाला. इंग्रज याला 'वेलिंग्टन' म्हणतात. ज्या वेलिंग्टनच्या नावाने म्हणतात तो १८०३ साली आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत मराठ्यांशी लढला होता. त्याचे बूट अर्थात कातड्याचे होते. असो.

गमबूट दोन प्रकारचे मिळतात. पी.व्ही.सी.चा स्वस्त आणि काहीसा कडक, रबराचा महाग पण लवचीक. ट्रॅक्टर, इंजिन, डिझेल यांच्याशी रोजचा संबंध असेल तर पी.व्ही.सी. घ्या, कारण साधे रबर तेलाने फुगते आणि उन्हाने चिरते. दिवसभर चालायचे असेल तर रबर. आयएसआयचा शिक्का पाहा. बूट हातात धरून तळवा वाकवा आणि तळवा व वरचा भाग जिथे जुळतो तिथे फट दिसते का ते पाहा. नंतर तळव्याची नक्षी पाहा. काळ्या जमिनीत दोन खाचांत बोट जाईल एवढे अंतर हवे, म्हणजे चाललेले पाऊल झटकले की चिखल गळून पडतो. बारीक नक्षी चार पावलांत भरते, आणि मग किलोभर चिखलाचे लोढणे घेऊन चालावे लागते.

कोकणात आणि मावळात प्रश्न वेगळा. तिथल्या सड्यावरच्या जांभ्यावर, ओढ्यातल्या काळ्या दगडावर पावसात शेवाळ येते आणि कडक प्लास्टिकचा तळवा त्यावर साबणासारखा घसरतो. तिथे मऊ रबर हवे. तळव्यात अंगठ्याचे नख रुतवून पाहा, थोडे रुतले पाहिजे. असा तळवा लवकर झिजतो हे मान्य, पण कंबर मोडण्यापेक्षा तळवा झिजलेला परवडला. १९३५ साली इटलीत विताले ब्रामानी या गिर्यारोहकाचे सहा सोबती डोंगरावर मरण पावले. पायात योग्य जोडे नव्हते हे त्याला जाणवले, आणि पुढे एका टायर कंपनीच्या मदतीने त्याने खाचांचा रबरी तळवा बनवला. टायरच्या वहाणा करणारे आपले कारागीर हे ऐकून हसतील!

या टायरच्या वहाणांना मी कमी लेखत नाही. तुरीची, मक्याची, जोंधळ्याची धसकटे आणि बाभळीचा काटा यांच्यापुढे पातळ स्लिपरचा निभाव लागत नाही. टायरचा तळ मात्र पुरतो. कोरड्या माळावर, गुराढोरांमागे आणि उन्हाळी नांगरटीत त्या आजही चांगल्या. कोल्हापुरीचे तसे नाही. ती आपली शान आहे, २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले, पण पाणी हा तिचा वैरी. पावसाळ्यात ती तेल लावून कोरड्या जागी ठेवा.

फवारणीला काय घालावे, हे वेगळे सांगतो, कारण २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले ते आपण विसरता कामा नये. त्या कामाला कातड्याचा किंवा कापडाचा बूट मुळीच चालत नाही. औषध त्यात मुरते आणि धुऊन जात नाही. गमबूटच घाला, आणि पँट बुटात न खोचता बुटावरून बाहेर सोडा. खोचलीत तर पँटीवरून ओघळलेले औषध सरळ बुटात उतरते. फवारणीचा जोड शक्यतो वेगळा ठेवा, तो आतून-बाहेरून धुवा आणि घरात आणू नका. मोटारीजवळ मात्र रबरी बूट आहे म्हणून ओल्या हाताने स्टार्टरला हात लावू नका. ओला, भेगा पडलेला बूट विजेपासून राखत नाही.

माप संध्याकाळी घ्या, त्या वेळी पाय थोडे सुजलेले असतात. मोजे घालून उभे राहा. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखे काळी पडतात. अनवाणी वाढलेले पाय पुढे रुंद होतात, तेव्हा क्रमांकावर न जाता घालून दहा पावले चाला. जुना साठा स्वस्तात मिळाला तरी जपून. काही बुटांचे फेसाळ, हलके तळवे वापरले नाहीत तरी काही वर्षांत आपोआप भुगा होतात. बनवल्याचे साल पाहा.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. गमबुटाचा जोड घरात आला की तो कर्त्या पुरुषाचा. खुरपणीला वाकलेली, ओल्या गवताचा भारा आणणारी, पहाटे गोठ्यात जाणारी बाई मात्र तुटकी स्लिपर घालून किंवा अनवाणीच असते. ढिला मोठा बूट तिला चालत नाही, त्यात पाय मुरगळतो. लहान मापाचे गमबूट मिळतात. दुकानदार ठेवत नसेल तर मागवायला सांगा. लावणीच्या खोल चिखलात गमबूट रुततो, तिथे अनवाणी उतरावे लागते हे कबूल. मग पायाच्या भेगा-जखमा आधी झाकाव्यात, वर आल्याबरोबर साबणाने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, म्हणजे चिखल्या होणार नाहीत. ताप आला तर भातात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

भिजलेला बूट चुलीजवळ वाळवू नका. आत जुनी वर्तमानपत्रे कोंबा, सावलीत ठेवा आणि कागद बदलत राहा. गमबूट भिंतीलगत दोन खुंट्या ठोकून त्यांवर उलटे टांगा; वाळतात आणि आत विंचू शिरत नाही. विंचूदंशाने पूर्वी कोकणात फार मुले जात, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केल्यापासून ते पुष्कळ कमी झाले. तरी घालण्यापूर्वी बूट आपटायची सवय मुलांना लावाच. रबरी बुटाला काटा लागून भोक पडले तर पंक्चरवाल्याकडे सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून घेता येतो. पी.व्ही.सी.ला ते सोल्यूशन धरत नाही. त्याचे वेगळे चिकटद्रव्य हार्डवेअरच्या दुकानात मागावे.