पोरांना आधी नातं कळावं

पौष अमावास्येला आदिलाबाद जिल्ह्यातल्या केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. त्याआधी मेस्राम कुळातले गोंड गोदावरीचं पाणी आणायला अनवाणी निघतात. कुळात नव्याने आलेल्या सुना पांढऱ्या साडीत, तोंडावर पदर ओढून देवाच्या भेटीला येतात.

मूल शिकतं ते हे बघूनच. गोंड घरात पहिला धडा नात्याचा. कुळांचे चार, पाच, सहा, सात देवांचे गट. आपल्या गटातले सगळे भाऊबंद, सोयरीक मात्र दुसऱ्या गटात. कुळाची कथा प्रधान जमातीचे गायक किकरी या वाद्याच्या साथीने रंगवतात. आपण कोणाचे, हे एवढ्या लहान वयात ठाऊक असणं ही मोठीच कमाई.

मग शाळेचं काय? निजामाच्या काळात, 1943 मध्ये, मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मारलावाई गावात गोंड शिक्षक तयार होऊ लागले. वाचनपुस्तकं गोंडीत, लिपी देवनागरी. अक्षरासाठी पोरांना घरची बोली सोडायला लावली नाही, हे फार मोलाचं.

त्याच मारलावाईच्या कनक राजूंनी मुलांना गुसाडी नाच शिकवला. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.