चढण, उतरण आणि स्नायू

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या रांगेत, कळसूबाईचे शिखर आहे. समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच असलेले हे शिखर महाराष्ट्रातील सर्वांत उंच होय. पायथ्याच्या बारी गावातून वर पायवाट जाते. जेथे कडा अगदी उभा आहे तेथे लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. नवरात्रात देवीच्या दर्शनासाठी आबालवृद्ध ही चढण चढतात. देहाचा सारा भार इतक्या उंचीवर कोण नेतो? हाडे शरीराला आधार देतात खरी. परंतु ती स्वतः हलू शकत नाहीत. त्यांना हलविणारे स्नायू होत.

मनुष्याच्या शरीरात सहाशेहून अधिक स्नायू आहेत. दोऱ्यासारख्या बारीक तंतूंच्या जुड्या एकत्र येऊन स्नायू बनतो. त्याची टोके कंडरा नावाच्या चिवट दोरांनी हाडांना जोडलेली असतात. टाचेच्या वर मागील बाजूस जो ताठ दोर चिमटीत धरता येतो, ती शरीरातील सर्वांत जाड कंडरा होय.

स्नायूंच्या कामाचा एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. स्नायू केवळ ओढू शकतो. त्याला ढकलता येत नाही. विहिरीवरच्या दोराने बादली ओढता येते, पण ढकलता येत नाही, तसेच हे आहे. म्हणूनच पुष्कळसे स्नायू जोडीने काम करतात. दंडाचा पुढील स्नायू आखडला की कोपर वाकते. मागील स्नायू आखडला की ते सरळ होते. एक ओढतो तेव्हा दुसरा सैल पडतो.

स्नायू आखडतो म्हणजे काय होते? १९५४ साली ह्यू हक्सली व जीन हॅन्सन, तसेच अँड्रू हक्सली व रॉल्फ नीडरगर्के यांनी या प्रश्नाचा उलगडा केला. प्रत्येक तंतूत जाड व बारीक अशा अतिसूक्ष्म धाग्यांच्या ओळी असतात. हे धागे स्वतः आखूड होत नाहीत. ते एकमेकांमध्ये सरकतात. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत सरकविली की हात जवळ येतात, तद्वत स्नायूची लांबी कमी होते.

कळसूबाई चढताना मांडीचा पुढील स्नायू आखडून गुडघा सरळ करतो, पोटरीचा स्नायू टाच उचलतो आणि नितंबाचा स्नायू धड वर घेतो. या कामाला प्राणवायू अधिक लागतो. म्हणून श्वास जलद होतो. स्नायूंनी वापरलेल्या शक्तीचा बराच मोठा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणून थंड वाऱ्यातही घाम येतो.

उतरण सोपी वाटते. परंतु तिचे दुखणे मागाहून कळते. उताराला लागलेली भरली गाडी बैल जशी रोखून धरतात, तसा मांडीचा पुढील स्नायू देहाचा भार रोखून धरतो. अशा वेळी तो आखडण्याचा प्रयत्न करीत असतानाच ताणला जातो. त्यामुळे त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि पुढील एकदोन दिवस मांड्या भरून येतात. ही इजा लवकरच भरून निघते व स्नायू पहिल्यापेक्षा कणखर होतो. म्हणूनच नेहमी डोंगर चढणाऱ्यांना तीच वाट फारसा त्रास देत नाही.

हातापायांचे स्नायू मनाच्या आज्ञेप्रमाणे चालतात. त्यांना ऐच्छिक स्नायू म्हणतात. जठर, आतडी व रक्तवाहिन्या यांचे स्नायू आज्ञेची वाट पाहत नाहीत. ते अनैच्छिक होत. हृदयाचा स्नायू तर या दोहोंहून निराळा आहे. मिनिटाला सुमारे ७० ठोके धरले, तर तो दिवसात एक लाखाच्या वर वेळा आखडतो. मनुष्य शिखरावर विसावला, तरी हृदयाला विश्रांती नसते.

वापराने स्नायू वाढतो आणि आळसाने झिजतो. मोडलेला हात काही आठवडे प्लास्टरमध्ये राहिला, तर तो बारीक झालेला दिसतो. पुन्हा व्यायाम सुरू होताच तो हळूहळू भरू लागतो. आहार, विश्रांती आणि नित्याचा श्रम या तिहींवर स्नायूंचे बळ अवलंबून असते. ते एका दिवसात मिळत नाही. उंच शिखराप्रमाणे पावलापावलानेच ते गाठावे लागते.