चिखलात चालणारा मासा : पनवेल खाडीची निवटी

मासा म्हटला की पाणी आलेच, असा सर्वसाधारण समज आहे. पाण्याबाहेर काढलेला मासा काही मिनिटांत गुदमरून मरतो, हे सर्वांच्या नित्य पाहण्यातील आहे. तथापि निसर्गात या नियमालाही अपवाद आहेत. रायगड जिल्ह्यातील पनवेलच्या खाडीत ओहोटी लागली आणि किनाऱ्यावरचा चिखल उघडा पडला, की त्यावर वीतभर लांबीचे मासे सरपटताना, उड्या मारताना, प्रसंगी एकमेकांशी झुंजताना दिसतात. हीच खाडीकाठच्या आगरी-कोळी समाजाच्या परिचयाची निवटी. इंग्रजीत या गटातील माशांना मडस्किपर म्हणतात. आपल्या किनाऱ्यावरील निवटीचे शास्त्रीय नाव बोलिऑफ्थॅल्मस डुसुमिएरी असे असून, डुसुमिए या फ्रेंच प्रवाशाच्या नावावरून ते देण्यात आले आहे.

श्वसनाची किमया

पाण्याबाहेर मासा का मरतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. हवेत प्राणवायूची वाण नसते. उलट पाण्यापेक्षा हवेत तो कितीतरी अधिक असतो. परंतु माशाच्या कल्ल्यांचे नाजूक पापुद्रे पाण्याच्या आधारानेच एकमेकांपासून विलग राहतात. पाणी निघून जाताच ते परस्परांना चिकटतात व प्राणवायू शोषून घेण्यास पृष्ठभागच उरत नाही.

निवटीने या अडचणीवर दुहेरी तोड काढली आहे. कल्ल्यांच्या पोकळीत ती पाणी धरून ठेवते. शिवाय तिची त्वचा आणि तोंडातील व घशातील अस्तर यांत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे असते. त्यांतून ती हवेतील प्राणवायू थेट शोषून घेते. मात्र त्यासाठी त्वचा ओली असावी लागते. म्हणूनच निवटी मधूनमधून चिखलात लोळण घेते. तिचे डोळे डोक्याच्या माथ्यावर असून ते खोबणीत आत ओढून घेता येतात व ओले करता येतात. छातीकडील बळकट परांचा ती कुबड्यांसारखा उपयोग करते आणि शेपटीच्या झटक्याने उडी घेते.

बिळातील हवा

निवटी चिखलात बीळ करून राहते. भरतीच्या वेळी ती बिळाचा आश्रय घेते आणि ओहोटीला चरावयास बाहेर पडते. डोके डावीउजवीकडे हलवीत चिखलाच्या पृष्ठभागावरील डायाटम नावाचे एकपेशीय शैवाल ती खरवडून खाते. बिळातील पाण्यात प्राणवायू अत्यल्प असतो. अशा ठिकाणी अंडी जगावीत कशी? मडस्किपरच्या काही जातींत नर तोंडात हवा भरून ती घोटाघोटाने बिळातील अंड्यांच्या कोठडीत नेऊन सोडतो, असे आढळून आले आहे. अंडी कोठडीच्या छताला चिकटविलेली असतात. जपानमधील एका जातीत अंडी पक्व झाल्यावर नर तीच हवा बाहेर काढतो, कोठडीत पाणी शिरते आणि पिले बाहेर पडतात.

चिखल म्हणजे पडीक जमीन नव्हे

वरवर पाहता उघडा चिखल ओसाड वाटतो. वस्तुतः ते एक चराऊ कुरणच होय. सूर्यप्रकाशावर शैवाल वाढते, शैवालावर निवटी पोसते आणि निवटीवर बगळे, खंड्या यांसारखे पक्षी व माणसे जगतात. बिळांमुळे चिखलाच्या आतील थरांतही हवापाणी खेळते. खाडीकाठची अनेक कुटुंबे बिळांत हात घालून निवट्या धरतात व त्यांचे कालवण चवीने खातात.

गेल्या अर्धशतकात या परिसराचे रूप पालटले आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबई उभी राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये पनवेलजवळील नव्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. खाडीकाठच्या जमिनीला मोल आले, तसे भरावाचे संकटही आले. खारफुटीच्या रक्षणासाठी राज्य शासनाने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये खारफुटीच्या तोडीस मनाई केली आणि २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवन वृक्ष ठरला. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्ट्यांनाही संवेदनशील क्षेत्राचा दर्जा आहे.

तथापि तिवराचे झाड तोडलेले डोळ्यांना दिसते. झाड नसलेल्या चिखलावर पडलेला राडारोडा मात्र सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. भराव पडला की बिळांची तोंडे बुजतात, भरतीचे पाणी अडते, चिखल सुकतो आणि ओल्या त्वचेने श्वास घेणाऱ्या या जीवाला तेथे थारा उरत नाही. चिखलावर निवट्या खेळत असणे हीच तेथे भरती-ओहोटीची ये-जा अबाधित असल्याची सोपी खूण आहे. ती ओळखावयास कोणत्याही उपकरणाची गरज नाही. ओहोटीच्या वेळी खाडीकाठी घटकाभर शांत उभे राहिले तरी पुरे.