सात फुटांतला संसार

जूनमधली सकाळ. वूस्टर–बर्मिंगहॅम कालव्यावर, टार्डेबिगच्या चढाच्या पायथ्याशी, भाड्याची एक नॅरोबोट पहिल्या लॉकसमोर थांबली आहे. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, गृहस्थांच्या हातात; लॉक उघडायचा विंडलास बाईंच्या. दोघांनीही साठी ओलांडलेली. घर विकून पुढची काही वर्षं बोटीवर काढायची, असं त्यांचं जवळजवळ ठरलं आहे. हा आठवडा त्या ‘जवळजवळ’साठी.

समोर सव्वादोन मैलांत ३० लॉक आहेत, म्हणजे पाण्याच्या तीस पायऱ्या. एकूण चढ ६७ मीटर. एवढी लांब रांग ब्रिटनमध्ये दुसरी नाही. १८१५ साली हा कालवा पूर्ण झाला तेव्हा या पायऱ्या मालवाहू बोटींसाठी होत्या. आता त्या चढतात त्या बहुतेक हौसेच्या नाहीतर निवृत्तीच्या बोटी.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला विटांचा हौद. इथले लॉक जेमतेम सात फूट रुंद, म्हणून बोट ६ फूट १० इंच. दोन्ही बाजूंना बोटभर फट ठेवून ती आत सरकते, सुरी म्यानात जावी तशी. निदान तसं व्हायला हवं. पहिल्या वेळी भिंतीला ठण्णकन आदळली आणि आतला चहाचा कप फुटला. टिलर डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे वळतं आणि शेपूट भलतीकडे जातं. ब्रेक नावाची गोष्ट नाही, इंजिन उलटं फिरवायचं आणि वाट पाहायची. हे पुस्तकात वाचून हाताला कळत नाही.

बोट आत आल्यावर बाईंनी खालचे दरवाजे लावले आणि वरच्या टोकाला गेल्या. विंडलास म्हणजे काटकोनात वाकवलेला लोखंडी दांडा. जुन्या ट्रकला पुढून मारायचं हँडल आठवावं. तो खुंट्यावर बसवून फिरवला की पॅडल, म्हणजे पाण्याखालची झडप, वर उचलली जाते. आधी अर्धीच उचलायची. एकदम उचलली की पाण्याच्या लोंढ्याने बोट हौदात पुढेमागे हिंदकळते. खटका अडकला की विंडलास काढून हातात घ्यायचा, खुंट्यावर ठेवायचा नाही. खटका निसटला तर तो गरगरत सुटतो आणि मनगट मोडतो. एका हौदाला सुमारे सव्वा लाख लिटर पाणी लागतं. ते भरेपर्यंत बाई कमरेवर हात ठेवून उभ्या. मग दरवाजाच्या लांब तुळईला पाठ लावून रेटा. दोन्हीकडचं पाणी समपातळीला आलं नसेल तर पैलवान आला तरी तो दरवाजा हलत नाही.

सहाव्या लॉकला त्या म्हणाल्या, “अजून चोवीस.”

गृहस्थ काही बोलले नाहीत. टिलरशेजारी उभं राहून ते सुंदर वळण घेत होते.

अकराव्या लॉकवरचा स्वयंसेवक मात्र बोलला. निम्मी जोडपी इथे याच चुकीने भांडतात, म्हणाला. टिलरला ताकद लागत नाही, दरवाजाला लागते. मग बाई टिलरवर आल्या आणि गृहस्थ काठावर. मला वाटतं, त्या आठवड्यातला सगळ्यात मोलाचा सल्ला हाच होता, आणि तो फुकट मिळाला.

वर पोचायला सहा तास लागले. याच वरच्या टोकाजवळ लेखक एल. टी. सी. रोल्ट यांची नॅरोबोट ‘क्रेसी’ १९४१ पासून पाच वर्षं बांधलेली होती. १९३९ मध्ये लग्नानंतर ते आणि अँजेला बोटीवरच राहायला गेले. १९४४ साली त्यांचं ‘नॅरो बोट’ हे पुस्तक आलं, ते वाचून रॉबर्ट एकमन त्यांना भेटायला इथे आले आणि १९४६ मध्ये कालवे वाचवणारी संस्था उभी राहिली. हे सगळे सांगतात. पुढचं कमी सांगतात: १९५१ साली रोल्ट यांनी बोट सोडून जमिनीवर बिऱ्हाड केलं आणि अँजेला सर्कशीत गेल्या.

संध्याकाळी बोट बांधून दोघं वही उघडून बसले. कायमची बांधायची जागा न घेता फिरत राहायचं, तर १९९५ च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सहसा १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही; २०२४ पासून अशा बोटींना परवान्यासाठी जादा पैसे पडतात. दर चार वर्षांनी सुरक्षा तपासणी, दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला डांबराचा थर. सगळे कालवे फिरायचे असतील तर लांबी ५७ फुटांपर्यंतच, कारण यॉर्कशरमधल्या काही लॉकमध्ये त्याहून फारशी लांब बोट मावत नाही. संडासाची पेटी स्वतःच्या हातांनी नेऊन रिकामी करायची. पाण्याची टाकी नळ दिसला की भरायची. आणि घर विकल्यावर पत्र यायचं कुठल्या पत्त्यावर? विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं खरं, पण विंचवाला डॉक्टरकडे नाव नोंदवायचं नसतं.

बाईंनी यादीत एक ओळ घातली: नातवंडं झोपणार कुठे. गृहस्थांनी खाली लिहिलं: गुडघे.

त्या एका दिवसात तीस लॉक चढूनही गृहस्थांची हौस उतरली नव्हती, उलट वाढली होती, आणि खरी धास्ती तीच आहे. जूनमध्ये काठावर एल्डरची पांढरी फुलं असतात, रात्री दहापर्यंत उजेड असतो, हंस खिडकीशी येऊन पाव मागतो. नोव्हेंबरात चार-साडेचारला अंधार पडतो, कोळशाची शेगडी पेटती ठेवावी लागते, पोलादी भिंतींना आतून दव सुटतं, दोरखंड ओला आणि लॉकच्या कडा शेवाळलेल्या. शिवाय हिवाळ्यात दुरुस्तीसाठी लॉक आठवडेच्या आठवडे बंद ठेवतात. ठरवलेला रस्ता तिथेच संपतो. बोट विकणारे ग्राहकाला वसंतात बोलावतात, यात नवल नाही.

बोट परत करताना भाडेवाल्याने विचारलं, मग घेताय का?

दोघांनी अजून घर विकायला काढलेलं नाही. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा तेवढा त्यांनी आगाऊ पैसे भरून राखून ठेवला आहे, तीच बोट, आणि या वेळी पहिल्या लॉकपासून टिलर बाईंकडे.