शटर खरोखर लागले आहे काय?

श्रोतेहो, अंथरुणाला पाठ टेकली की हमखास शंका येते : गॅरेजचे शटर खाली केले ना? शटर विजेवर चालणारे व एका बटणाचे असेल, तर उत्तर खिशातल्या फोनकडून मिळविता येते. खर्च काही शे रुपयांचा.

शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने २०१४ मध्ये ईएसपी ८२६६ ही नखाएवढी चिप आणली. तिच्यात वाय-फाय असते. फोनचा हुकूम मिळताच तिने रिले हलवायचा, आणि रिलेने भिंतीवरील बटणाच्या दोन तारा अर्धा सेकंद जोडायच्या, बोटाने दाबल्यासारखेच. मात्र त्या तारांत २३० व्होल्ट नाहीत ना, हे वायरमनकडून आधी पाहून घ्यावे.

परंतु हुकूम सुटला म्हणजे दार लागले, असे नव्हे. मध्ये सायकल आडवी आली, तरी फोन बिचारा ‘बंद’च म्हणणार. यास्तव चौकटीवर रीड स्विच व शटरच्या खालच्या पट्टीवर लोहचुंबक बसवावे. चुंबक जवळ येताच काचनळीतील दोन पात्या एकमेकींना चिकटतात. साक्ष मानावी ती हीच. आणि खाली एखादे मूल असले तर? दार लावावे ते समोर उभे राहूनच. फोनने ‘उघडे’ म्हटले, तर अंथरूण सोडावे!

आमच्या बऱ्हाणपुरात वावटळ सुटली की वीज जाते. ती परतताच चिप जागी होते, आणि त्या क्षणी तिच्या काही पिनांवर आपोआप संकेत उमटतो. रिले तिथे जोडलेला असल्यास मध्यरात्री दार उघडेल. म्हणून शटरला तारा जोडण्यापूर्वी मेन स्विच दहा वेळा बंद-चालू करून पाहावा. रिलेचा ‘टक्’ आवाज आला, तर जोडणी बदलावी.