पिण्यायोग्य पाणी, पण कोणासाठी?

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत खाऱ्या पाण्याची एक लहानशी काचटाकी होती. तीत किनाऱ्यावरच्या खडकांतून आणलेले शंख, रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारे दोन खेकडे, एक समुद्रपुष्प आणि चार-पाच लहान मासे होते. उन्हाळा आला तसे टाकीतले पाणी भराभर आटू लागले. समुद्राचे पाणी आटते तेव्हा क्षार मागेच राहतात, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. नळाच्या पाण्यातला क्लोरिन उडून जावा यासाठी 'रात्रभर ठेवलेले पाणी घाला' अशी सूचना आम्हीच देऊन ठेवली होती.

महिन्याभरात शंख काचेवरून सुटून तळाशी पडू लागले. खेकडे मेले. समुद्रपुष्प मिटले ते पुन्हा उघडलेच नाही. मासे मात्र मजेत पोहत होते. खारेपणा, तापमान, पीएच असे सारे मोजले, सारे ठीक. उलगडा झाला तो व्हरांड्यात. 'रात्रभर ठेवलेले पाणी' म्हणजे तिथल्या तांब्याच्या हंड्यातले पाणी, असा त्या सूचनेचा सरळ अर्थ घेतला गेला होता. तेच पाणी आम्ही सगळे रोज पीत होतो!

प्रवाळांची टाकी ठेवणाऱ्या प्रत्येकापुढे येणारा प्रश्न या घटनेत दडलेला आहे. समुद्राचे तयार मीठ विरघळवण्यासाठी आणि भर घालण्यासाठी नळाचे पाणी वापरावे, की शुद्ध केलेले? जे पाणी माणसाला चालते ते प्रवाळाला का चालू नये?

पिणे वेगळे, पाण्यात राहणे वेगळे

आपण दिवसाला दोन-तीन लीटर पाणी पितो. ते आतड्यातून शोषले जाते. नको असलेले बरेचसे यकृत व मूत्रपिंडे बाहेर टाकतात. माशाच्या कल्ल्यांत मात्र पाणी आणि रक्त यांच्यामध्ये पेशींचा एक पातळ पडदाच असतो. प्रवाळ हा तर पेशींच्या दोन थरांचा जीव. त्याच्या भोवतीचे पाणी आणि त्याची पेशी यांत आडोसा असा नाहीच.

माणसावरही अशी वेळ येते, ती डायलिसिसच्या वेळी. तेव्हा एकेका बैठकीत शंभराहून अधिक लीटर पाणी एका पातळ पटलापलीकडून रक्ताच्या सान्निध्यात येते. १९७० च्या दशकात डायलिसिसच्या काही रुग्णांच्या मेंदूवर विपरीत परिणाम झाला. त्याचे मूळ पाण्यातल्या ॲल्युमिनियममध्ये सापडले. तेच पाणी पिणाऱ्यांना काही झालेले नव्हते. म्हणजे 'शुद्ध' हा शब्द एकटा अपुरा आहे. कशासाठी शुद्ध, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

तांब्याचे उदाहरण बोलके आहे. शंख आणि खेकडे यांच्या रक्तातले प्राणवायू वाहणारे हिमोसायनिन तांब्यावरच चालते. तरीही पाण्यात विरघळलेले तांबे जरा वाढले की हेच जीव आधी मरतात. गरज असणे आणि जास्तीचे सहन होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. माशांच्या कातडीवरील परजीवी मारण्यासाठी पाण्यात लीटरला ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम तांबे ठेवतात. मासे ते सोसतात, परजीवी मरतात. पण त्याच टाकीत प्रवाळ आणि शंख असले तर तेही मरतात. म्हणून हा उपचार वेगळ्या टाकीतच करतात. आमचे मासे का वाचले, हे आता ध्यानात येईल.

थोडेसे, पण रोज

भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लीटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, तर नायट्रेटची ४५ मिलिग्रॅम. आता एक सोपा हिशोब करू या. विद्यार्थ्यांकडून तो फळ्यावर करून घेता येईल.

टाकी २०० लीटरची आणि रोज आटणारे पाणी २ लीटर धरू. वर्षात ७३० लीटर पाण्याची भर पडेल. नळाच्या पाण्यात तांबे अगदी मर्यादेइतके, ०.०५ मिलिग्रॅम असेल, तर वर्षात ३६.५ मिलिग्रॅम तांबे टाकीत येईल. २०० ने भागल्यास लीटरला सुमारे ०.१८ मिलिग्रॅम! म्हणजे कायद्याने निर्दोष असलेल्या पाण्याची नुसती भर घालून वर्षअखेर आपण औषधाच्या मात्रेपर्यंत पोहोचतो. टाकी पहिल्यांदा भरतानाचे तांबे यात धरलेलेच नाही. प्रत्यक्षात काही तांबे खडकांना व सेंद्रिय पदार्थांना चिकटते, त्यामुळे पाण्यातला आकडा कमी भरतो. पण टाकीत आलेले तांबे नाहीसे होत नाही.

'दर महिन्याला दहावा हिस्सा पाणी बदलले तर?' असा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारील, आणि तो विचारायलाच हवा. महिन्यात ६० लीटर भर आणि २० लीटर बदल, असे नळाचे ८० लीटर पाणी आत येते. बाहेर जाते ते टाकीतले २० लीटर. आवक आणि जावक समान होण्यासाठी टाकीतले प्रमाण नळाच्या चौपट व्हावे लागते. म्हणजे नळाचेच पाणी घालून केलेला बदल वाढ थांबवतो खरा, पण चौपटीवर. आटलेल्या जागी क्षारविरहित पाणी घातले, तर ही चौपट होतच नाही.

न मारता नुकसान

नायट्रेट आणि फॉस्फेट ही वनस्पतींची खते. प्रवाळभित्तीवरच्या स्वच्छ समुद्रात ती अत्यल्प असतात. प्रवाळाच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करून यजमानाला देते, त्यामुळे एवढ्या 'नापीक' पाण्यातही प्रवाळ वाढतात. खत वाढले की मोकळे शैवाल माजते आणि प्रवाळांवर पसरते. शिवाय फॉस्फेट चुन्याच्या सांगाड्याच्या घडणीत अडथळा आणते. सिलिका अधिक असली की डायाटमचा तपकिरी थर काचेवर धरतो.

मात्र याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. होनोलुलूच्या वाइकीकी मत्स्यालयात खाऱ्या विहिरीचे पाणी वापरत. त्यात ही पोषक द्रव्ये भित्तीवरच्या पाण्यापेक्षा बरीच अधिक होती, तरी प्रवाळ उत्तम वाढले. तसा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा थोडे नायट्रेट म्हणजे विष नव्हे. खरा धोका आहे तो आपल्याला ठाऊक नसलेल्या, साचत जाणाऱ्या आणि गावागावात, ऋतूऋतूत बदलणाऱ्या मिश्रणाचा.

घरगुती उपाय कुठवर पुरतात?

पाणी उकळले तर जंतू मरतात, क्लोरिन जातो. पण तांबे, नायट्रेट तसेच राहतात. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढतेच! पाणी उघडे ठेवले तर क्लोरिन उडतो. परंतु काही शहरांत क्लोरिनऐवजी क्लोरामाइन वापरतात. सॅन फ्रान्सिस्कोने २००४ मध्ये हा बदल केला. क्लोरामाइन नुसते ठेवल्याने सहजी जात नाही. सोडियम थायोसल्फेटने त्यातला क्लोरिन निकामी होतो, पण अमोनिया मागे उरतो. अतिनील किरणांचे यंत्र फक्त जंतू मारते. विरघळलेल्या क्षारांना ते हातही लावत नाही.

क्षार काढायचे तर रिव्हर्स ऑस्मॉसिस, म्हणजे व्यस्त परासरण हवे. आधी कोळशाच्या गाळणीने क्लोरिन काढतात, कारण तो पटल खराब करतो. मग दाबाखाली पाणी अर्धपार्य पटलातून ढकलले की नव्वद टक्क्यांहून अधिक क्षार मागे राहतात. उरलेल्यांसाठी आयन-विनिमय राळ असते. ती धन आयनांच्या जागी हायड्रोजन आणि ऋण आयनांच्या जागी हायड्रॉक्सिल आयन देते, आणि दोन्ही मिळून पाणीच होते.

येथे एक सावधगिरी हवी. घरातल्या अनेक शुद्धीकरण यंत्रांत चवीसाठी शेवटी खनिजे मिसळतात किंवा थोडे कच्चे पाणी सोडतात. माणसाला ते चांगले. प्रवाळांच्या टाकीला ते नको. प्रवाळांना खनिजे लागतातच. समुद्राच्या पाण्यात लीटरला सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पण ती मोजून बनवलेल्या समुद्री मिठातून द्यावीत. कोऱ्या पाटीवर लिहिलेले स्पष्ट दिसते, तसेच हे.

या पद्धतीत बरेच पाणी वाया जाते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हे विसरून चालणार नाही. ते पाणी फरशी पुसण्यासाठी वापरावे. टाकी लहान असेल तर ऊर्ध्वपातित पाणी विकत घेणे परवडते.

वर्गात करून पाहा

दोन सारख्या काचेच्या बशा घ्या. एकीत नळाचे, दुसरीत ऊर्ध्वपातित पाणी समान मापाने ओता आणि खिडकीत ठेवा. आटले की तितकेच पाणी पुन्हा घाला. दहा वेळा असे केल्यावर बशा उन्हात धरून पाहा. नळाच्या पाण्याच्या बशीत पांढरी वर्तुळे दिसतील. दर वेळी ओतलेले पाणी मात्र तितकेच स्वच्छ दिसत होते.

शाळेत खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची झाल्यास शंख आणि मासे पुरेत. मालवणच्या समुद्रातून प्रवाळ काढून आणू नयेत. २००१ पासून खडकी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.

आमच्या व्हरांड्यातला हंडा अजून तिथेच आहे आणि आम्ही त्यातले पाणी पितो. टाकीशेजारी आता एक झाकणाचा प्लास्टिकचा डबा असतो. पूर्वीची सूचना बदलून आम्ही त्यावर लिहिले आहे: 'भर फक्त यातून.' प्रयोगशाळेतल्या सूचना किती नेमक्या असाव्यात, हे आम्हाला त्या शंखांनी शिकवले.